गरगर फिरणारं कुलूप

एखाद्या माणसाला गाडी उजवीकडे वळवता येते की नाही, हे त्याच्या बायकोच्या आणि अख्ख्या गल्लीच्या देखत ठरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या बाबतीत ते सोमवारी सकाळी साडेदहाला ठरलं.

गाडी बायकोच्या मामांची. मामा एकटे राहतात, आता गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून त्यांनी ती आम्हाला देऊन टाकली. तिचं वय मामांपेक्षा दोन वर्षांनी जास्त. कापडी टप, पातेल्याएवढे दिवे आणि सायकलशी जवळचं नातं सांगणारी तारांची चाकं. ट्रकमधून दोन फळ्यांवरून ती खाली येत असताना ट्रकवाला म्हणाला, "मालकानं आत बसावं, गाडी जरा काबूत राहते." मालक हा शब्द मला आयुष्यात प्रथमच कुणी लावला होता. मी बसलो.

फळ्या संपल्या, उतार लागला आणि गाडी आपणहून चालू लागली. आमची गल्ली टेलरमास्तरांच्या दुकानापाशी उजवीकडे वळते. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गल्ली वळली. मीही वळलो, म्हणजे खांद्यापासून वरचा माझा भाग वळला. गाडी सरळ गेली. मी आणखी फिरवलं. एक फेरा झाला, दोन झाले, तीन झाले. ते चाक इतकं हलकं, इतकं आनंदानं गरगरत होतं की मला क्षणभर त्याचा हेवा वाटला. मग मास्तरांच्या दुकानाची पायरी आली आणि गाडी तिथे टेकून थांबली. पायरीला काही झालं नाही. गाडीला काही झालं नाही. जे काय व्हायचं ते मला झालं.

बायको धावत आली. "अहो, वळवलं का नाहीत?"

"वळवलं."

"मग?"

"मी वळवलं. ती वळली नाही."

"असं कसं होईल?" ती म्हणाली. हा प्रश्न त्यानंतर तीन दिवस मला प्रत्येकानं विचारला. दूधवाल्यानं तर दोनदा विचारला.

मामांनी ट्रकवाल्याबरोबर एक पाकीट दिलं होतं. त्यात एक चपटी पितळी किल्ली आणि चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'स्टिअरिंगच्या कुलपाची किल्ली. बाकी तुम्हाला समजेलच.'

आता या 'समजेलच'मधला च पाहा. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी मला काहीही समजत नाही अशी बायकोच्या माहेरी सर्वसाधारण समजूत आहे. ती कुणी बोलून दाखवत नाही, फक्त मी खिळा ठोकायला घेतला की घरातले सगळे एकदम उठून उभे राहतात. त्यामुळे त्या संध्याकाळी मामांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "काय जावईबापू, कुलूप उघडलं का?" तेव्हा मी काय उत्तर दिलं असेल, हे सांगायला नको.

"उघडलं की!" मी म्हणालो.

"एवढ्यात?" मामांचा आवाज जरा चमकल्यासारखा झाला. "कसं काय हो?"

"सोपं आहे," मी म्हणालो.

"असं असं," मामा म्हणाले. "बरं, गुरुवारी माझा वाढदिवस. एक्याऐंशी. मी येतो. तुम्ही मला एक चक्कर मारून आणा. या वर्षी दुसरं काही नको मला."

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडे बघत होती. खिळा हातात घेतल्यावर बघते तशी.

स्टिअरिंगचं वर्णन करायला हवं, नाहीतर पुढची फजिती नीट कळणार नाही. लाकडी चाक. त्याच्या बरोबर मध्ये पितळेचं एक बटण, अंगठ्याएवढं, चाकाच्या पृष्ठभागातून अर्धं पेर वर आलेलं. त्या बटणाच्या डोक्यावर किल्लीचं भोक. किल्ली घातली की अर्धा फेरा फिरे, आणि आत कुठेतरी कुणीतरी जीभ टाळ्याला लावल्यासारखा 'टक्' असा आवाज येई. बस. चाक आधीही गरगर फिरत होतं, नंतरही गरगर फिरत होतं. किल्ली परत फिरवली तरी तेच. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते पितळी बटण भोंगा समजून दाबे, भोंगा वाजत नसे, आणि मग तो माझ्याकडे दया आल्यासारखं बघून निघून जाई.

मी वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करतो. तेव्हा माझा पहिला भरवसा पुस्तकावर. मोटारींवरचं आमचं एकमेव पुस्तक मला मंगळवारी सकाळी 'शेती' या विभागात सापडलं, कारण मुखपृष्ठावर ट्रॅक्टर आहे असं समजून कुणीतरी ते तिथे लावलं होतं. नोंदीवर सही माझी होती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं : 'कुलूपबंद अवस्थेत स्टिअरिंग जागचे हलत नाही.' आमचं तर हलण्यापलीकडे काही करतच नव्हतं. म्हणजे शास्त्रानुसार आमच्या गाडीला कुलूप लागलेलंच नव्हतं. ते उघडंच होतं! मी मामांना सांगितलं ते खोटं नव्हतंच. या शोधानं मला फार बरं वाटलं. फक्त गाडी वळत नव्हती.

"उघडं आहे आणि तरी वळत नाही, म्हणजे दात गेले," आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले. त्यांना इमारतीत सगळे थिअरीसाहेब म्हणतात. पाणी का येत नाही हे ते अर्धा तास समजावून सांगू शकतात, आणि तोवर पाणी येऊन जातं. "आतल्या चक्राचे दात झिजले. साधं आहे. तुम्हाला प्रात्यक्षिक दाखवतो." त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन ताटं, चार काटे आणि बायकोचा कणकेचा गोळा यांच्या साहाय्यानं संपूर्ण यंत्रणा उभी केली. ताट फिरलं, काटे अडकले, कणकेचा गोळा जमिनीवर पडला. "पाहिलंत?" ते म्हणाले.

"पाहिलं," बायको म्हणाली. "ती रात्रीची पोळी होती."

मग मिस्त्री आला. हा खरा माणूस. बोलला नाही, गाडीखाली शिरला आणि वीस मिनिटं फक्त त्याच्या चपला दिसत राहिल्या. बाहेर आला तेव्हा तो गोंधळलेला होता. "साहेब, खाली सगळं सोन्यासारखं आहे. एक दात गेलेला नाही."

"मग वर?"

"वरही ठणठणीत आहे."

"मग बिघाड कुठेय?"

त्यानं खूप विचार केला. "मध्ये," तो म्हणाला. "पण मध्ये काही नाहीच." एवढं बोलून त्यानं पितळी बटणाच्या फटीत अर्धी बाटली तेल ओतलं, हा त्याचा सर्व आजारांवरचा उपाय असावा. स्टिअरिंग पूर्वीपेक्षाही झकास फिरू लागलं. उरलेलं तेल खाली टपकत राहिलं आणि ते नेमकं कुठे टपकतंय हे बघायला मी वाकलो. तो शर्ट आता बायको लादी पुसायला वापरते.

या सगळ्या काळात टेलरमास्तर दुकानाच्या दारात उभे असत. गाडी त्यांच्या पायरीला टेकलेली. गिऱ्हाइकाला आत जायचं तर गाडीच्या एका दारातून चढून दुसऱ्या दारानं उतरावं लागे. काही जणांना त्याची गंमत वाटू लागली होती, एक बाई तर काही शिवायचं नसताना दोनदा जाऊन आल्या. मला मात्र मास्तरांकडे बघवत नव्हतं. ते मला हाक मारत, "साहेब, जरा ऐका," आणि मी तिथूनच म्हणे, "हलवतो मास्तर, हलवतो! एक दिवस द्या!" ते पुन्हा म्हणत, "अहो, तसं नाही," आणि मी म्हणे, "समजतंय मला, तुमचा खोळंबा होतोय!" आणि लगबगीनं निघून जाई. माणसानं माफी मागण्याची एवढी घाई करू नये, हे मला बुधवारी कळलं.

पण त्याआधी मंगळवारची संध्याकाळ. थिअरीसाहेबांनी तोडगा काढला. गाडी वळत नसेल तर गाडीला वळवायचं. आठ जणांनी पुढचा भाग उचलायचा, उजवीकडे न्यायचा आणि ठेवायचा. "साधं आहे," ते म्हणाले, आणि स्वतः आकडे म्हणायला उभे राहिले. आम्ही आठ जण लागलो. एक, दोन, तीन! गाडी उचलली गेली, उजवीकडे नेली, आणि तेवढ्यात आमच्यातल्या एकाला शिंक आली. गाडी खाली आली ती बरोबर आडवी. पुढचं तोंड मास्तरांच्या दुकानाकडे, मागचा भाग समोरच्या सलूनच्या दारात. अख्खी गल्ली बंद.

"पुन्हा उचला," थिअरीसाहेब म्हणाले. पण दोघांच्या कमरेत उसण भरली होती, आणि बाकीच्यांना अचानक घरची कामं आठवली.

बुधवारी सकाळी गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता. नगरपालिकेचा. 'सार्वजनिक रस्ता अडवणारे बेवारस वाहन. गुरुवार दुपारी बारापर्यंत मालकाने ताबा सिद्ध न केल्यास भंगारात जमा करण्यात येईल.'

बेवारस! मी दोन दिवस तिच्यासाठी शर्टापासून कमरेपर्यंत सगळं पणाला लावलं होतं. मी तडक कार्यालयात गेलो. तिथे एक कारकून जाळीच्या खिडकीआड बसला होता आणि पेन्सिलीला टोक काढत होता. टोक होईपर्यंत मी थांबलो. टोक मोडलं. मग त्यानं ते पुन्हा काढलं.

"गाडी माझी आहे," मी म्हणालो.

"असेल."

"बेवारस नाही."

"तसं सिद्ध करावं लागेल. वाहन इथे आणा, मालकाच्या नियंत्रणात आहे असं दिसलं की मी शिक्का मारतो."

"पण ती वळत नाही."

"मग सरळ आणा."

"वाटेत चार वळणं आहेत हो."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वळत नाही, म्हणजे नियंत्रणात नाही," तो म्हणाला. "म्हणजे बेवारसच झालं ना?"

तर्क बिनतोड होता. हा माणूस थिअरीसाहेबांचा नातलग तर नसेल, असाही विचार मनात येऊन गेला.

परत येताना डोक्यात एकच गोष्ट होती. उद्या मामा येणार. त्यांना काय दाखवायचं? गाडी भंगारात गेली, पण कुलूप मात्र सोमवारीच उघडलं होतं, असं सांगायचं? गल्लीच्या तोंडाशी आलो तर मास्तरांनी माझा दंडच धरला. "आता माफी मागाल तर बघा," ते म्हणाले आणि मला ओढत, गाडीच्या एका दारातून चढवून दुसऱ्या दारातून उतरवून, दुकानात घेऊन गेले.

त्यांनी मला शिलाई मशीनसमोर स्टुलावर बसवलं. "हे चाक फिरवा."

मी उजव्या बाजूचं चाक फिरवलं. सुई टकटक खालीवर झाली.

"आता बघा." चाकाच्या मध्ये एक लहान गोल फिरकी होती. मास्तरांनी तिला थोडं ढिलं केलं. "आता फिरवा."

मी फिरवलं. चाक गरगर गरगर फिरलं. सुई मात्र ढिम्म.

"मशीन बिघडलं?" मास्तरांनी विचारलं.

"बिघडलं," मी लगेच म्हणालो. मला आता कुठल्याही गोष्टीचं हेच वाटत होतं.

"अहो, बॉबिन भरताना आम्ही चाक सोडतो! बॉबिन भरायची तर सुई कशाला नाचवायची? चाक फिरत राहतं, सुई गप्प. बिघडलेलं नाही ते, सोडलेलं आहे." त्यांनी फिरकी आवळली, सुई पुन्हा चालू लागली. "तुमच्या गाडीचंही तेच. सोमवारपासून सांगतोय. पण साहेबांना माफी मागण्यातून फुरसत कुठे!"

मी स्टुलावर बसूनच राहिलो. डोक्यात एकेक दिवा लागत गेला. चाक सोडलेलं! म्हणजे हे कुलूप हालचाल बंद करणारं नव्हतंच, ते चाकाचा आणि गाडीचा संबंध तोडणारं होतं. "मास्तर, म्हणजे चोर आत बसेल..."

"बसेल, गाडी सुरू करेल, ऐटीत निघेल."

"आणि पहिल्याच वळणाला..."

"पायरीवर जाऊन आदळेल," मास्तर म्हणाले, आणि मग सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

आम्ही दोघं गाडीत बसलो. मी किल्ली अर्धा फेरा फिरवली. टक्. "आता हे बटण दाबा," मास्तर म्हणाले. दाबलं. जाईना. "थांबा. खाचेला खाच मिळायला हवी. बटण तळहातानं दाबून धरा आणि चाक हळू फिरवा. अहो हळू! बादली ओढताय का? दोरा ओवताय असं समजा." मी बटण दाबून धरलं आणि एक एक अंगूळ चाक फिरवत गेलो. पाव फेरा. अर्धा. घामानं तळहात सटकला. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर सलूनमधून अर्धी दाढी झालेला एक जण येऊन उभा राहिला.

आणि मग, माझ्या तळहाताखाली, ते बटण खाली गेलं. खट्. चाकाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट. मी किल्ली परत फिरवून काढून घेतली आणि चाक उजवीकडे ओढलं. ते जड लागलं! मला इतकं छान जड काही आयुष्यात लागलं नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांखाली रस्त्यावरची खडी करकरली.

बाहेर टाळ्या वाजल्या. थिअरीसाहेब पुढे आले, वाकून बटणाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी हेच म्हणत होतो."

गुरुवारी सकाळी अकरा वाजता मामा आले. कोट, टोपी आणि छातीशी एक कापडी पिशवी, तीही दोन्ही हातांनी धरलेली. आल्या आल्या चहासुद्धा न घेता ते गाडीपाशी गेले. मी डाव्या हातानं चाक फिरवून दाखवलं. उजवा हात खिशात ठेवला होता. सहज वाटावं म्हणून.

"वा," मामा म्हणाले. "वा, जावईबापू." आणि मग अगदी हळू आवाजात, "काय करावं लागलं हो नेमकं?"

"सांगतो वाटेत," मी म्हणालो. "आधी नगरपालिकेत एक लहानसं काम आहे."

मामा माझ्या शेजारी, मागे बायको आणि मास्तर. मास्तरांनी दुकान दोन तास बंद ठेवलं होतं. गाडी आम्ही आदल्या संध्याकाळीच पुढे-मागे ढकलत गल्लीत सरळ करून ठेवली होती. मिस्त्रीनं पुढे हँडल मारलं, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. चार वळणं होती. चारही मी घेतली. नगरपालिकेच्या फाटकात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

कारकून कागद घेऊन खाली आला. "नियंत्रण तपासावं लागेल," तो म्हणाला आणि मला उतरवून स्वतः माझ्या जागेवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा सरकारी भाव हळूहळू वितळत चालला होता. त्यानं दिवे बघितले, टप बघितला, आणि मी समोर ठेवलेली किल्ली उचलून बटणात घातली. "हे काय असतं?"

"नको नको नको!" मी आणि मास्तर एकदम ओरडलो.

टक्. बटण उसळी मारून अर्धं पेर वर आलं. कारकुनानं दचकून स्टिअरिंग धरलं आणि ते त्याच्या हातात गरगर फिरलं. एक फेरा. दोन फेरे. त्याचा चेहरा बघून मला सोमवारच्या माझ्या चेहऱ्याची पहिल्यांदाच कल्पना आली. त्याच वेळी मागून हॉर्न वाजला. मोठ्या साहेबांची गाडी. फाटकात आम्ही, साहेब बाहेर.

"काही मोडलं का हो माझ्याकडून?" कारकून पुटपुटला.

मी मामांकडे वळलो. माझ्या तळहाताला कालचे फोड आले होते, आणि ज्यानं आयुष्यभर ही गाडी हाताळली तो माणूस कारकुनाच्या शेजारीच बसला होता. "मामा, तुम्हीच लावा आता. तुमचा हात बसलेला."

मामा कोटाची बटणं चाचपू लागले. मग त्यांनी मला कानाशी बोलावलं. "मला येत नाही."

"म्हणजे?"

"जावईबापू, ही गाडी मी जन्मात चालवली नाही. तुमची मामी चालवायची. उतरताना ती तिथे काहीतरी किल्ली फिरवायची, एवढं बघितलेलं. म्हणून ट्रकवाल्याला देताना मीही फिरवली. उघडायचं कसं ते ठाऊक नव्हतं. म्हटलं, तुम्हाला समजेल. नि तुम्हाला त्याच दिवशी समजलं! मला तर त्या रात्री झोप नाही लागली, एवढं कौतुक वाटलं."

मी मागे बघितलं. बायको मास्तरांकडे बघत होती, मास्तर आकाशाकडे. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मागून हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. मी कारकुनाला उतरवलं आणि जागेवर बसलो. किल्लीला हात लावला, आणि मग थांबलो. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एखादं अख्खं कार्यालय माझ्यासाठी खोळंबण्याची ही पहिलीच वेळ होती. "त्या शिक्क्याचं काय झालं?" मी विचारलं.

कारकून जिना दोन-दोन पायऱ्या चढत गेला आणि तीन-तीन उतरत आला. शिक्का त्यानं गाडीच्या फूटबोर्डवर कागद ठेवून, उकिडवं बसून मारला. मग मी तळहात टेकवला, दोरा ओवल्यासारखं चाक फिरवलं. खट्. मामा श्वास रोखून बघत होते.

बाहेर पडल्यावर मामा म्हणाले, तळ्याकाठच्या रस्त्यानं घ्या. त्या रस्त्यावर वळणंच वळणं. मामांनी कापडी पिशवी सोडली आणि आतून पितळेचा एक भोंगा काढला, मागे काळ्या रबराचा फुगा. "हा मी ट्रकमध्ये घातला नाही," ते म्हणाले. "हा माझा." दारालगतच्या खाचेत त्यांनी तो न बघता बसवला.

पहिलं वळण आलं. भों, भों. दुसरं आलं. भों, भों.

"मामा, समोर कुणीच नाही," बायको मागून म्हणाली.

"नसू दे. ती म्हणायची, वळण आलं की वाजवायचं काम तुमचं, वळवायचं मी बघते. बत्तीस वर्षं एकही वळण चुकवलेलं नाही मी." आणि पुढचं वळण यायच्या आधीच त्यांचा हात फुग्यावर गेला होता.

चौथ्या वळणावर बायकोला राहवलं नाही. तिनं मागून हात लांबवून फुगा दाबला. भ्यॅक, असा काहीतरी आवाज आला. मामा इतके रागावले की त्यांची टोपी वाकडी झाली. "असा नाही दाबायचा! बोटांनी नाही, मुठीनं! आणि सोडताना हळू सोडायचं, श्वास घेऊ द्यायचा त्याला! मास्तर, तुम्ही करून बघा. अंहं, मनगट ढिलं ठेवा!" तळ्याला पूर्ण फेरी होईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाची परीक्षा झाली. बायको दुसऱ्या प्रयत्नात पास झाली, मास्तर काठावर. मला त्यांनी घेतलंच नाही.

"तुम्ही गाडी वळवा," मामा म्हणाले. "ते सोपं आहे."